मागीलदारचं पाणी : नळकामाच्या नोंदी

घर राजापूर तालुक्यातलं, चिऱ्याचं, वर्षातले आठ-नऊ महिने बंद. विहिरीपासून टाकी, टाकीपासून तोट्या आणि मोरीपासून शोषखड्डा, असं सगळं नळकाम नव्याने करतो आहोत. नोंदी आम्हा भावंडांसाठी ठेवते आहे. पुढच्या वेळी घराची किल्ली कोणाच्या हातात असेल सांगता येत नाही, आणि गिलावा झाल्यावर आत काय आहे ते कोणालाच आठवत नाही.

१४ एप्रिल २०२४

काल रात्री पोचले. न्हाणीच्या भिंतीवरचा ओला डाग गणपतीत ताटाएवढा होता, आता दाराच्या फळीएवढा झालाय. सकाळी मिस्त्री आले. छिन्नीच्या दुसऱ्याच घावाला गिलावा सुटला आणि आतून पाणी पाझरायला लागलं. आत अर्धा इंची जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, एल्बो (वळणाचा जोड). एल्बोचं अंग ठीक होतं, पण पाईप जिथे त्यात शिरतो तिथे गंजाचे पापुद्रे सुटले होते. करवतीने कापून हातात घेतला. अर्ध्या इंचाच्या नळीत शिसपेन्सिल जेमतेम जाईल एवढंच भोक उरलं होतं, बाकी सगळा लालसर, खरखरीत गंज.

"पाईप नाही हो गळत ताई, सांधा गळतो," मिस्त्री म्हणाले आणि तुकडा माझ्या हातावर ठेवून दाखवू लागले. जीआयच्या पायपावर जस्ताचा मुलामा असतो, तोच त्याचं गंजण्यापासून रक्षण करतो. जोडण्यासाठी डायने आटे पाडले की नेमका तिथला मुलामा खरवडला जातो आणि पायपाची जाडीही तिथेच कमी होते. म्हणून आट्यापाशी आधी गंज धरतो. चाळीस वर्षं टिकला हेच खूप.

माझं खरं दुःख पुढे आहे. हा एक एल्बो बदलायला आम्हाला चार हात भिंत फोडावी लागली, कारण अख्ख्या लाईनीत एकही युनियन नव्हता. जीआयचा पाईप दोन्ही टोकांना आट्यात बसलेला असतो. एका बाजूने सोडवायला फिरवला की दुसऱ्या बाजूला तो आवळतो. मधे युनियन असेल तर त्याची मोठी नट सैल करून दोन्ही बाजू न फिरवता वेगळ्या करता येतात. नसेल तर टोकाच्या तोटीपासून एकेक तुकडा सोडवत यायचं, नाहीतर करवत. तेव्हा ज्यांनी काम केलं त्यांनी मन लावून केलं होतं, आटे सुरेख होते. पण उघडायची वेळ येईल हे कोणी मनात धरलं नाही. यावेळी प्रत्येक ठिकाणी मी हाच प्रश्न विचारणार आहे: हे उघडायचं झालं तर कुठून उघडेल?

१६ एप्रिल

आज फक्त टेप आणि वही. न्हाणी-संडासाच्या स्लॅबवर चिऱ्याचा दीड मीटरचा ओटा आहे, त्यावर टाकी. म्हणजे टाकीचा तळ जमिनीपासून साडेचार मीटरवर. शॉवर दोन मीटरवर. मधे राहतात अडीच मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे शॉवरला पाव किलो. शहरात इमारतीच्या चौथ्या मजल्याखाली राहणाऱ्यांना हा आकडा हास्यास्पद वाटेल. आपल्याला तेवढ्यावरच भागवायचं आहे.

दाब इतका कमी असला की वळणं जपून घ्यावी लागतात. एक इंची लाईनीत ९० अंशाच्या एका एल्बोमध्ये जेवढा दाब खर्च होतो, तेवढा सरळ पायपाच्या साधारण पाऊण मीटरमध्ये होतो. जुन्या लाईनीत मी अकरा एल्बो मोजले. म्हणजे आठ मीटर पाईप फुकटचा वाढवल्यासारखं. नव्या आखणीत पाच बसतात, आणि स्लॅबखालचं वळण ४५ च्या दोन एल्बोंनी घ्यायचं ठरलं. ४५ चा एल्बो पाण्याला निम्माच अडवतो.

बंद करायच्या चाव्यांचंही तेच. जुन्या काळची चकती खाली दाबणारी स्टॉपकॉक पूर्ण उघडी असली तरी पाण्याला आत वर-खाली वळसा घ्यायला लावते. बॉल व्हॉल्व्ह उघडला की आतल्या गोळ्याचं भोक पायपाच्या रेषेत येतं आणि पाणी सरळ जातं. मुख्य लाईनीवर बॉल व्हॉल्व्हच घेतोय. दांडी लाईनीला समांतर म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, हे लांबूनही कळतं.

माप ठरलं: टाकीतून सव्वा इंची, स्लॅबखाली एक इंची, प्रत्येक फाट्याला पाऊण, तोटीपाशी अर्धा.

१८ एप्रिल

राजापूरच्या दुकानात अर्धा दिवस गेला, पण आजच्यासारखं शिकायला फार कमी वेळा मिळालं.

मी यादीत "२५ मिलिमीटर एल्बो, ६ नग" असं लिहून नेलं होतं. दुकानदारांनी विचारलं, "कुठला २५?" मला वाटलं कंपनी विचारताहेत. त्यांनी काउंटरवर चार तुकडे ओळीने उभे केले. चारही २५ चे, आणि चौघांची जाडी वेगळी. शेतीच्या करड्या पीव्हीसीत २५ म्हणजे बाहेरचा व्यास, अगदी २५ मिलिमीटर. घरातल्या पांढऱ्या यूपीव्हीसीत २५ म्हणजे एक इंची, त्याचा बाहेरचा व्यास ३३.४. पिवळट सीपीव्हीसी तांब्याच्या नळीच्या मापाने चालते, तिचा एक इंची पाईप बाहेरून २८.६. आणि जीआयचा एक इंची साधारण ३३.७. यातला कुठलाही एल्बो दुसऱ्याच्या पायपावर नीट बसत नाही. यूपीव्हीसी आणि जीआय तर दिसायला इतके जवळ की कोणी ठोकून बसवायला जाईल. विहिरीवर शेतीचा पाईप आणि घरात पांढरा, असं आपल्या गावात घरोघरी असतं. तेव्हा दोन्हींच्या मधे आट्याचा अडॅप्टर लागतोच. हे लक्षात ठेवा: दुकानात जाताना आकडा नेऊ नका, पायपाचा कापलेला तुकडा न्या.

घरात गार आणि गरम दोन्हींना सीपीव्हीसीच घेतली. यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही, ती मऊ पडते. सीपीव्हीसी ९३ अंशांपर्यंत सांगतात. बाहेरून टाकीकडे चढणारी लाईन यूपीव्हीसी.

मिस्त्री यादी तोंडाने सांगत होते आणि मी लिहीत होते. सरळ जोडाला कपलर. एक इंचावरून पाऊण करायला रिड्यूसर, पण एल्बो किंवा टी आधीच एक इंची असेल तर त्याच्या तोंडात बसणारा बुश, जागा कमी खातो. फाट्याला टी. टीचं माप सांगताना सरळ जाणारी लाईन आधी आणि फाटा नंतर, "एक बाय पाऊण". उलट सांगितलं तर उलटीच टी हातात पडते. प्लास्टिकच्या पायपाला आटे नसतात, तोटीला असतात. म्हणून प्लास्टिकवरून आट्यावर यायला एमटीए आणि एफटीए: एमटीएला बाहेरून आटे, एफटीएला आतून. मिस्त्री त्यांना नर-मादी म्हणतात. भविष्यात वाढवायच्या तोंडाला एंड कॅप. आणि युनियन? मी सहा सांगितले. दुकानदार म्हणाले, "घराला दोन पुरतात." मी सहाच घेतले.

२२ एप्रिल

विहीर. रहाट अजून फिरतो, डोणीत पाणी सोडायला काकू अजून कळशीनेच काढतात. पंप एक अश्वशक्तीचा, काठावरच्या मांगरात. आज पाण्याची पातळी पंपापासून सहा मीटर खाली आहे, मे अखेरीस अजून उतरेल.

जमिनीवरचा पंप पाणी ओढत नाही, हे पोरांना शाळेत शिकवायला हवं. तो पायपातला दाब कमी करतो आणि बाहेरच्या हवेचा दाब विहिरीतलं पाणी वर ढकलतो. तो दाब पाण्याला सगळं जमून आलं तरी सव्वादहा मीटरच्या आसपासच चढवू शकतो, आणि घर्षण, वळणं, पंपाची झीज धरून हातात सात मीटर पडतात. म्हणजे आपण कडेवर आहोत. पंपाची बैठक एक पायरी खाली, जवळपास एक मीटरने, उतरवायचं ठरलं. पावसात पाणी तिथवर येत नाही, काकूंना विचारून खात्री केली.

पायपाच्या तळाला फूट व्हॉल्व्ह. बाहेर जाळी, आत एक झडप, जी पाणी वर जाऊ देते आणि खाली येऊ देत नाही. पंप बंद झाल्यावर पाईप भरलेला राहतो तो या झडपेमुळे. जुना काढला तर रबराच्या काठावर एक बारीक खडा अडकलेला. एवढ्याशा खड्यामुळे गेली दोन वर्षं पंप सुरू करायच्या आधी दरवेळी नरसाळ्याने पाणी ओतावं लागत होतं. नवा पितळी बसवला, तळापासून दोन हात वर, गाळ येऊ नये म्हणून.

पंपाच्या दोन्ही अंगांना युनियन. वर जाणाऱ्या बाजूला आधी युनियन, मग एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारी झडप), मग बॉल व्हॉल्व्ह. एनआरव्हीवर बाण असतो, तो टाकीकडे. झडप उभ्या-आडव्याची वेगवेगळी येते, बसवताना ते पाहायचं.

२३ एप्रिल

पंप चालू केला. पाणी येतं, तुटतं, थुंकल्यासारखं येतं, पुन्हा तुटतं. कुठे ओल नाही, थेंब नाही. मी म्हटलं गळती नाही, मग पंपच बिघडला असेल. मिस्त्रींनी मान हलवली. चोषण बाजूला, म्हणजे विहीर ते पंप, सांधा सैल असेल तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. ती गळती डोळ्याला दिसतच नाही.

शोधायची त्यांची रीत सुंदर आहे. पंप बंद ठेवून चोषण पाईप तोंडापर्यंत पाण्याने भरला आणि वाट पाहिली. फूट व्हॉल्व्ह नवा, म्हणजे पाणी उतरलं तर सांध्यातून. दहा मिनिटांनी पंपाजवळच्या युनियनखाली थेंब धरला. उघडून पाहिलं तर दोन तोंडांच्या मधे जांभ्याच्या धुळीचा एक कण. फडक्याने पुसून, रबरी वॉशर उलटून पुन्हा आवळला. पंप सुरू केला आणि टाकीच्या जागी धरलेल्या बादलीत धार अखंड पडली.

चोषण पाईप विहिरीकडून पंपाकडे सतत चढता ठेवलाय. मधे उंचवटा आला तर तिथे हवा साठते. पुढे कधी पंप हलवलात तर हे सांभाळा.

२७ एप्रिल

टाकी चढली. हजार लिटरची, भरली की टाकी धरून एक टनाच्या वर, म्हणून ओट्याखालचे चिरे आधी नीट तपासून घेतले.

टाकीला भोक पाडून पाईप कसा बसतो, याची मला लहानपणापासून उत्सुकता होती. टँक निप्पल: एका बाजूला गळपट्टी, मधे आटे, दुसऱ्या बाजूला मोठी नट. रबरी वॉशर टाकीला चिकटून बसला पाहिजे. भोक गोल करवतीने पाडायचं, तापलेल्या सळईने नाही. सळईने कड वितळून गाठी येतात आणि वॉशर कुठेतरी उचललेला राहतो. मिस्त्रींच्या भाच्याने टाकीत उतरून आतली बाजू धरली, बाहेरून आम्ही नट आवळली. आधी हाताने, मग पान्ह्याने जेमतेम अर्धा फेरा.

चार तोंडं केली. वर येणारं एक इंची. खाली घराला जाणारं सव्वा इंची, तळापासून चार बोटं वर, म्हणजे तळाचा गाळ नळात येणार नाही. अगदी तळाशी धुण्याचं तोंड, त्याला बॉल व्हॉल्व्ह. आणि ओव्हरफ्लो दीड इंची. येणाऱ्यापेक्षा तो मोठाच हवा. आत येतं तेवढं बाहेर पडलं नाही तर झाकण उचलून पाणी स्लॅबवर येतं. त्याच्या तोंडाला डासांची जाळी.

घराला जाणाऱ्या लाईनीवर बॉल व्हॉल्व्ह, लगेच पुढे युनियन, आणि त्यापुढे एका टीमधून वर उघडी नळी, टाकीच्या माथ्यापेक्षा उंच, टोकाला उलटा वाकवलेला बेंड. ही हवेची नळी. घर महिनोन्‌महिने बंद असतं, लाईन रिकामी होते. पुन्हा पाणी सोडल्यावर हवा इथून निघाली नाही तर अडीच मीटरच्या दाबाला ती ढकलता येत नाही आणि तोट्या नुसत्या गुरगुरतात. दरवर्षी गणपतीत हेच व्हायचं, आठवतंय ना?

उन्हातल्या पांढऱ्या पायपाला पाण्याचा रंग दिलाय. तेलरंग देऊ नये, त्यातलं द्रावक प्लास्टिकला मानवत नाही.

२ मे

तीन दिवस झिऱ्या, म्हणजे पायपासाठी भिंतीत खाचा, मारणं चाललं. चिरा कापायला मऊ, पण त्यातला दगडी गोटा लागला की यंत्र थरथरतं. अख्खं घर तांबडं झालंय.

सीपीव्हीसीचा सांधा कसा होतो ते जवळून पाहिलं. पाईप काटकोनात कापायचा, कडेचा चुरा चाकूने काढायचा, फडक्याने पुसायचं. कोरडा घालून पाहिला तर सॉकेटमध्ये अर्ध्या-पाऊण अंतरावर अडकला पाहिजे. सॉकेट आत किंचित निमुळतं असतं. मग सॉल्व्हेंट पायपाला सगळीकडून, सॉकेटमध्ये पातळ, पाव वळसा देत आत ढकलायचा आणि मनात तीस आकडे होईपर्यंत धरून ठेवायचा. लगेच सोडला तर पाईप आपणहून मागे सरकतो; मी बोटांना ते जाणवून पाहिलं. हा डिंक नव्हे. सॉल्व्हेंट दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते एकजीव होतात. म्हणूनच सीपीव्हीसीचं सॉल्व्हेंट वेगळं आणि यूपीव्हीसीचं वेगळं. मेच्या उन्हात डबा उघडा राहिला तर दहा मिनिटांत दाट होतो. मिस्त्रींनी तो ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवला होता.

तोटीच्या जागी पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो, म्हणजे प्लास्टिकच्या अंगात पितळी आटे ओतलेला. त्याचं तोंड तयार फरशीच्या पातळीला यायला हवं. आत राहिलं तर तोटीला एक्स्टेन्शन निप्पल लावावा लागतो, बाहेर आलं तर तोटीची चकती भिंतीला टेकत नाही. म्हणून फरशीचा एक तुकडा आणि त्यामागचा माल, दोन्हींची जाडी धरून दोरी लावली. मिक्सरच्या दोन तोंडांमधे मध्यापासून मध्यापर्यंत १५० मिलिमीटर, डावीकडे गरम. ओळंबा दोनदा लावला.

गरम लाईन झिरीत घट्ट कोंबली नाही. सीपीव्हीसी तापली की वाढते. २५ अंशांवरून ६० वर गेली तर सहा मीटरला साधारण १३ मिलिमीटर. तिला सरकायला जागा हवी, म्हणून वळणांपाशी झिरी रुंद ठेवून थर्माकोलचे तुकडे भरलेत.

युनियन भिंतीत पुरू नयेत, मिस्त्रींचं आणि माझं यावर लगेच एकमत झालं. वॉशर असलेली कुठलीही गोष्ट गिलाव्याखाली जाता कामा नये. स्वयंपाकघराचा युनियन ओट्याखाली, न्हाणीचे दोन स्लॅबखाली उघड्यावर.

४ मे

दाबाची चाचणी. तोट्यांच्या तोंडांना डमी (तात्पुरती बुचं) लावले, सर्वात वरचं तोंड उघडं ठेवून लाईन पाण्याने भरली. हवा पूर्ण जाईपर्यंत ते बंद करायचं नाही. हवा राहिली तर काटा खोटं सांगतो. प्लास्टिकची लाईन हवेच्या कॉम्प्रेसरने कधीच तपासू नये. कोंडलेली हवा फुटली की तुकडे उडतात.

हातपंपाने सहा किलो चढवले. पाव तासात काटा चारवर. सगळ्यांचे चेहरे उतरले. दिवा घेऊन एकेक सांधा बोटाने चाचपला. स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या टीला बोट ओलं झालं. तो सांधा सॉल्व्हेंट न लावताच राहिला होता. कोरडा घालून पाहिला, निमुळत्या सॉकेटमध्ये घट्ट बसला, आणि जेवायची हाक आली. आपल्या टाकीच्या पाव किलोला तो कदाचित वर्षभर धरला असता आणि मग फरशीमागे पाझरला असता.

तो टी कापला, दोन कपलर घालून नवा बसवला. आता मिस्त्रींचा भाचा सॉल्व्हेंट लावलेल्या प्रत्येक सांध्यावर काळ्या पेनने रेघ मारतो. रेघ नाही तो सांधा कच्चा.

५ मे

सकाळी पुन्हा सहा किलो. संध्याकाळपर्यंत काटा हलला नाही. गिलाव्याला परवानगी दिली.

डोणीजवळच्या बाहेरच्या तोटीची मात्र एक चूक झाली. तिथे जीआयचा जुना उभा तुकडा चांगला होता म्हणून ठेवला आणि त्याच्या आट्यावर प्लास्टिकचा एफटीए पान्ह्याने आवळला. सकाळी एफटीएला उभी चीर. लोखंडाचे आटे टोकाकडे निमुळते असतात. आत जाताना ते पाचरीसारखे प्लास्टिकला बाहेर रेटतात. लोखंडी नर आणि प्लास्टिकची मादी हा जोड करायचाच नाही. पितळी आट्यांचा एफटीए आणून बसवला. आणि प्लास्टिकवर ताग-सफेता नको, फक्त टेफ्लॉन टेप, आट्यांच्या वळणाच्या दिशेने. ताग-सफेता जीआयला.

८ मे

सांडपाण्याचे तीन दिवस. इथे नियमच बदलतात, कारण दाब नसतो, फक्त उतार.

नळाच्या लाईनीत चालणारा काटकोनी टी मोरीच्या आडव्या लाईनीत चालत नाही. येणारं पाणी समोरच्या भिंतीवर आपटतं, मागे फिरतं आणि घाण तिथेच टाकून जातं. इथे वाय (तिरपा फाटा) आणि ४५ चा बेंड, म्हणजे येणारं पाणी जाणाऱ्याच्या दिशेनेच मिळतं. वळणावर झाकण असलेला डोअर बेंड, आणि उभ्या पायपाच्या तळाशी डोअर टी. तुंबलं तर चार स्क्रू काढून आत काठी घालता येते. माझ्या प्रश्नाला मोरीकडचं उत्तर म्हणजे ही दारं. ती सगळी बाहेरच्या बाजूला, गडग्याकडे तोंड करून ठेवली आहेत.

न्हाणी ते चेंबर बारा मीटर. ११० ची लाईन, ६० ला १ उतार, म्हणजे टोकाला वीस सेंटिमीटर खाली. पाण्याच्या नळीने पातळी काढली. सॉकेटचं तोंड नेहमी वरच्या अंगाला, पाणी ज्या बाजूने येतं तिकडे. रिंगच्या सांध्याला साबणाचं पाणी लावून पाईप पूर्ण आत घालायचा आणि मग एक सेंटिमीटर मागे ओढायचा. तेवढी फट उन्हाळ्यात वाढणाऱ्या पायपासाठी.

आता बंद घराची खास गोष्ट. नहाणी ट्रॅप, बेसिनखालचा बॉटल ट्रॅप, संडासाचा ट्रॅप, बाहेरचा गली ट्रॅप, या सगळ्यांत वळणात पाणी अडून राहतं. साधारण ५० मिलिमीटर. संडासाच्या टाकीतली दुर्गंधी आणि झुरळं घरात यायची अडतात ती त्या पाच सेंटिमीटर पाण्याने. घर चार महिने बंद राहिलं की ते पाणी उडून जातं. दार उघडल्यावर येणारा तो वास, ज्याला आम्ही इतकी वर्षं "बंद घराचा वास" म्हणत होतो, तो बराचसा कोरड्या ट्रॅपचा होता. जाताना प्रत्येक ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे खोबरेल. तेलाचा थर पाण्याला लवकर उडू देत नाही.

१० मे

अक्षय्यतृतीया. काकूंनी सकाळी उदककुंभ दिला. दुपारी टाकी भरली आणि स्वयंपाकघराची तोटी आम्ही काकूंच्या हाताने उघडली. आधी हवा, मग तांबूस पाणी, मग स्वच्छ. काकू बराच वेळ हात धारेखाली धरून उभ्या होत्या.

दहा लिटरची बादली स्टॉपवॉच लावून भरली: ५८ सेकंद. जुन्या लाईनीला चार मिनिटांच्या वर लागायची.

२१ मे

फरशी झाली, तोट्या लागल्या. सगळे ब्रास एल्बो पातळीत आले, एका शॉवरला मात्र अर्धा इंची एक्स्टेन्शन लागलं. प्रत्येक बेसिन आणि फ्लशच्या टाकीखाली अँगल कॉक. वॉशर बदलायला अख्ख्या घराचं पाणी बंद करायला नको.

गीझर १५ लिटरचा, दोन्ही बाजूंना विणीच्या लवचिक नळ्या. त्याच्याबरोबर आलेला सेफ्टी व्हॉल्व्ह तसाच ठेवा. पाणी तापताना त्याच्या नळीतून थेंब पडतात. तो बिघाड समजून कोणी प्लग लावू नये, तापून वाढणाऱ्या पाण्याची तीच वाट आहे.

१५ जून

पाऊस सुरू झाल्यावर एकदा येऊन पाहायचं ठरलं होतं. भिंत कोरडी आहे. गली ट्रॅपवर पागोळी पडत होती. पावसाचं पाणी शोषखड्ड्यात जाता कामा नये म्हणून त्याच्या काठावर एक चिरा वाढवला.

गिलाव्याआधी काढलेले फोटो आणि जमिनीपासूनची मापं घालून एक नकाशा केला. युनियन लाल, चाव्या निळ्या, मोरीची दारं हिरवी. एक प्रत ओट्याखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवली, एक काकूंकडे. काकूंना चार चाव्या दाखवल्या: टाकीखालची, धुण्याची, पंपाची आणि लाईनीच्या सर्वांत खालच्या टीवरची, जिथून अख्खी लाईन रिकामी होते. त्यांनी चारही स्वतः फिरवून पाहिल्या.

मांगरातल्या पत्र्याच्या पेटीत: युनियन २ (एक इंची), ब्रास एल्बो २, कपलर ४ (पाऊण), वॉशरची पिशवी, टेफ्लॉन टेप, पाईप पान्हा, आणि तीनही पायपांचे वीतभर तुकडे, दुकानात दाखवायला. सॉल्व्हेंट ठेवलेलं नाही. उघडलेला डबा पडून पडून दाट होतो, येताना नवा आणा.